खऱ्या वाक्यांची वही

माझ्या क्लासात एकच नियम आहे, आणि तो मीच मोडला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कितीही शहाणपणा केला तरी कुणी माझ्या बोलण्याला भुलायला नको. गोड बोलून पटवून देणं हा माझा धंदाच आहे.

परदेशी नोकरीला जाणाऱ्या नर्सेसना मी इंग्रजी शिकवतो. औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं घर, आणि पुढच्या खोलीत क्लास. चार बाकं, एक फळा, आणि भिंतीला वह्यांचं शेल्फ. व्याकरण या मुलींना शाळेनं कसंबसं दिलेलं असतं. त्यांची भंबेरी उडते ती वाक्प्रचारांपाशी. पेशंट म्हणतो, 'आय ॲम फीलिंग अंडर द वेदर', आणि आमची नर्स खिडकीतून आभाळ बघायला जाते. त्या बिचाऱ्याला फक्त बरं वाटत नसतं. तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

म्हणून मी साठ वाक्प्रचार निवडले आणि त्यांची तीन घरं केली: सख्खे, चुलत आणि परके. 'टू रब सॉल्ट इन द वूंड' म्हणजे जखमेवर मीठ चोळणं, तो सख्खा. 'टू टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे काणाडोळा करणं. तिकडचा डोळा आंधळा, आपला काणा, तेव्हा तो चुलत. 'अंडर द वेदर' मात्र अगदी परका, त्याच्याकडे सारखं जाऊन येऊन ओळख वाढवावी लागते. मुली हसतात, आणि हसल्या की लक्षात ठेवतात.

आता नियम. प्रत्येकीनं एक वही करायची. एका पानावर एक वाक्प्रचार, आणि त्याखाली तारीख घालून स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य. 'माझा मित्र फार हुशार आहे' असलं कुणाचंच नसलेलं वाक्य दिसलं की मी लाल रेघ ओढतो. खरं वाक्य सुचत नसेल तर पान कोरं ठेवा. कोरं चालेल, खोटं चालणार नाही. वही झाली की मी तोंडी घेतो, आणि मुलगी तयार आहे असं वाटलं की वहीच्या शेवटी सही करतो. त्या सहीशिवाय माझ्या क्लासातली कुणी परीक्षेचा फॉर्म भरत नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण एकदा नापासाचा शिक्का बसला की तिकडची हॉस्पिटलं लवकर दारात उभं करत नाहीत, म्हणून मुली माझ्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. पास झालेली मुलगी आपली वही शेल्फवर ठेवून जाते, पुढच्यांना वाचायला.

सिस्टर, म्हणजे आईसाठी ठेवलेली नर्स, माझ्याकडे आली ती आधी आईसाठी, आणि मग क्लाससाठी.

आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तरी ती उठली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, तीस वर्षं शिवणाचे क्लास घेतलेली. टाका वाकडा गेला की अख्खी शिवण उसवायला लावायची. अशा बाईला अंथरुणात पडून दुसऱ्याच्या हातून पाणी प्यायची वेळ आली, तेव्हा तिनं आल्यागेल्या प्रत्येकाला उसवायला घेतलं. आईचं करायला ठेवलेली पहिली बाई दुपारी घोरायची, तिला आईनं हाकललं. दुसरी चौथ्या दिवशी रडत स्वतःच गेली. माझी ताई दुसऱ्या गावाहून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायची. "तू कर ना थोडं," असं म्हणायची. थोडं म्हणजे काय ते फोनवर दिसत नाही. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे घरात दुसरं कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर आईला हात लावायची मला भीती वाटायची. शाळेतल्या पोरानं अंडं उचलावं तसा मी तिला उचलायला जायचो आणि तिला दुखायचं.

सिस्टर पहिल्या दिवशी आली, हात धुतले आणि आईला म्हणाली, "आजी, मी तुम्हाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणार. तुम्ही शिव्या दिल्यात तरी वळवणार. तेव्हा आधी देऊन टाका, म्हणजे नंतर दोघींचा वेळ जाणार नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पोरगी तयार दिसते."

पडून पडून आईच्या पाठीला जखम झाली होती, ती पंधरा दिवसांत भरत आली. आईच्या उशाशी स्टीलचा पेला असे, काही हवं असलं की ती त्यावर चमचा वाजवायची. त्या चमच्याच्या आवाजातलासुद्धा राग कमी झाला. सिस्टर सकाळी नऊला यायची, संध्याकाळी सातला रात्रीची बाई आली की जायची, आणि पाच ते सहा माझ्या क्लासात दाराजवळच्या बाकावर बसायची, म्हणजे आतला चमचा ऐकू यावा.

तिला परदेशी का जायचं होतं तेही सांगतो, कारण सगळं ओझं तिथेच आहे. तिची मुलगी आठ वर्षांची, गावाकडे सिस्टरच्या आईजवळ राहायची. सिस्टर एक रविवार सोडून भेटायला जायची. इथल्या नोकरीत मुलीला जवळ ठेवणं जमत नव्हतं. तिकडच्या हॉस्पिटलात मुलांना बरोबर आणता येत होतं, राहायला जागा होती, शाळा होती. एवढंच.

फेब्रुवारीत तिची वही झाली. एकोणसाठ पानं भरलेली, साठावं कोरं. मी तोंडी घेतली. वीस मिनिटं मी तिला परके वाक्प्रचार उलटसुलट विचारले, आणि ती एकदाही अडखळली नाही. मी पेन उघडलं. तेवढ्यात आत चमचा वाजला आणि आईनं हाक मारली, "सिस्टर, अगं ती कालची गोष्ट पुरी करायचीय ना?" आवाजात हसू होतं. खुबा मोडल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

मी पेनाला टोपण लावलं.

"अजून थोडं थांबू या," मी म्हटलं. "वाक्प्रचार पाठ आहेत, पण अंगवळणी पडलेले नाहीत."

"चालेल, सर," ती म्हणाली. तिनं वही मिटली आणि आत गेली. माझ्यावर संशय घ्यावा हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मी फळा पुसत बसलो, स्वच्छ फळा.

त्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली की चारच महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे, तोवर आई सावरेल, बिघडलं काय. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वाक्यं लागत नाहीत.

मग तिनं अभ्यासाचा धडाका लावला. आईला कुशीवर वळवताना, पाठीला पावडर लावताना, केस विंचरताना तोंडानं इंग्रजी चालू. शेवटी तिनं आईलाच परीक्षक केलं. माझी साठांची यादी आईच्या हातात, त्यात मराठी अर्थ मोठ्या अक्षरात. आई चष्मा लावून विचारायची, "गुपित फोडणे?" आणि सिस्टर म्हणायची, "लेट द कॅट आउट ऑफ द बॅग." आईला त्या पिशवीतल्या मांजराचं फार नवल. "तरी बरं, आपल्याकडे पोटात ठेवतात गुपित. तिथे मांजर मावत नाही," असं म्हणून ती खोकला येईपर्यंत हसायची.

जूनमध्ये मी दुसऱ्यांदा तोंडी घेतली. आता माझ्याकडे काढायला चूकच नव्हती. मी म्हटलं, "उच्चार." नुसता एक शब्द. तिचा चेहरा उतरला, पण ती पुन्हा म्हणाली, "चालेल, सर." तिच्याबरोबरच्या तिघी सही घेऊन गेल्या, पास झाल्या, विमानात बसल्या. त्यातली एक इतकी कच्ची होती की मी तिला जवळजवळ ढकलत पार नेलं होतं. तिघींनी तिकडून बर्फातले फोटो पाठवले. सिस्टरनं ते आईला दाखवले आणि मलाही दाखवले. मी छान म्हटलं.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी, जायच्या वेळी ती फळ्याजवळ येऊन उभी राहिली. "सर, तिकडचं पत्र आलंय. जागा वर्षअखेरपर्यंत धरून ठेवतो म्हणतात. त्याआधी निकाल हवा. या महिन्यातली परीक्षा शेवटची, आणि फॉर्मची मुदत मंगळवारपर्यंत." मग म्हणाली, "तुम्हाला वाटत नसेल तर मी नाही भरणार. पण एकदा वही बघाल का?"

"ठेवून जा," मी म्हटलं. "बघतो."

दुसऱ्या दिवशी रविवार, ती मुलीकडे गेलेली. सकाळी रात्रीची बाई आईचं आवरून गेली आणि मी वही घेऊन बसलो. वाक्यं मी याआधी तपासली होती, पण मास्तराच्या डोळ्यांनी, म्हणजे क्रियापदापुरती. शिवाय जूननंतर तिनं प्रत्येक भरलेल्या पानावर नव्या तारखेनं नवं वाक्य घातलं होतं. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच. वाक्यं इंग्रजीत, मी इथे मराठीत देतो.

'अंडर द वेदर'च्या पानावर: आज आजींना बरं नव्हतं, पण सरांना सांगू नकोस म्हणाल्या, ते घाबरतात.

'पीस ऑफ केक', म्हणजे अगदी सोपं काम, त्या पानावर: माझ्या मुलीला वाटतं परीक्षा सोपी असते, रोज अभ्यास केला की झालं. मी रोज करते.

'जखमेवर मीठ चोळणं'च्या पानावर: मुलगी माझ्या आईला आई म्हणाली आणि मला विचारलं, तू कधी जाणार? तिनं मीठ चोळलं नाही. तिला जखम माहीत नाही.

तारीख जुलैची होती. फेब्रुवारीत मी सही केली असती तर त्या जुलैत ती मुलगी आईजवळ असती, बर्फाच्या देशात का होईना. मी ते पान तीनदा वाचलं. क्रियापद बरोबर होतं. आपण काय केलं आहे हे मला आठ महिने माहीत होतं. त्या दिवशी ते दिसलं.

आतून चमचा वाजला. मी गेलो.

"सही केलीस का रे?" आईनं विचारलं.

"कसली?"

"झोपेचं सोंग घेऊ नकोस. मला इंग्रजी येत नाही, पण अडखळणं कळतं. तीस वर्षं मुलींचे हात बघितलेत मी. कुणाचा हात बसलाय आणि कुणाचा नाही, ते मशिनच्या आवाजावरून सांगायचे. ती कधीची तयार आहे."

"मग तू बोलली का नाहीस?"

आईनं भिंतीकडे तोंड वळवलं. "मलाही ती हवी होती," ती म्हणाली. "तू पहिल्यांदा नाही म्हणालास ना, त्या दिवशी मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला. तिच्या हातचं पाणी पितेय आणि तिच्याच पोरीचा घास काढून घेतेय." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं, आणि पुसायला तिचा हात पोचेना. मी पुसलं.

"आज सही करतो," मी म्हटलं.

"सही कर आणि सांग तिला."

"सांगायची काय गरज? परीक्षा तोंडावर आली आहे, तिचं मन..."

"तिच्या मनाचं नाव पुढे करू नकोस," आई म्हणाली. "चुकलेल्या टाक्यावर इस्त्री फिरवून चालत नाही. उसव."

सोमवारी सिस्टर नऊला आली. मी वही तिच्यापुढे ठेवली, सहीचं पान उघडून. तिनं सहीवरून बोट फिरवलं. "सर, आता खरंच जमलं?" तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला तिथेच थांबावंसं वाटलं. थांबलो असतो तर ती आयुष्यभर माझे आभार मानत राहिली असती.

"ही सही फेब्रुवारीत व्हायला हवी होती," मी म्हटलं. "तुम्ही तेव्हाच तयार होतात. मी केली नाही, कारण तुम्ही गेलात तर आईचं कोण करणार, म्हणून."

तिला लगेच समजलं नाही. "म्हणजे माझे उच्चार?"

"चांगले आहेत. माझ्यापेक्षा चांगले."

"जूनमध्येही?"

"जूनमध्येही."

ती बाकावर बसली. दाराजवळच्या, तिच्या नेहमीच्या. तिनं वही मिटली. "मी मुलीला सांगितलं होतं, आईचा अभ्यास कच्चा आहे म्हणून राहिली," ती म्हणाली. "तिनं शाळेत बाईंना विचारलं, मोठ्या माणसांचा अभ्यास कसा घ्यायचा. मी गावी गेले की ती माझे पाढे घेते, सर."

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते लिहीत नाही. शब्दांचा धंदा करणाऱ्यानं ऐन वेळी काय भाव केला, ते माझं मला ठाऊक.

आत चमचा वाजला. वळवायची वेळ झाली होती. सिस्टर उठली, हात धुतले आणि आत गेली. भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. "पोरी, त्यानं केलं आणि मी गप्प बसले. मीही तितकीच..." मग सिस्टरचा आवाज, नेहमीसारखा शांत. "उजव्या कुशीवर वळा, आजी. हात माझ्या खांद्यावर ठेवा."

त्यानंतर तिनं एकही दिवस दांडी मारली नाही. दोन तास म्हणजे दोनच तास. पाठीला पावडर, केसांना तेल, सगळं वेळच्या वेळी. फक्त आईच्या खोलीत इंग्रजी बंद झालं. आईनं एकदा यादी हातात घेऊन चष्मा लावला, तर ती म्हणाली, "आता गरज नाही, आजी," आणि यादी घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. आई त्या दिवशी जेवली नाही. सिस्टरनं तिला अर्धा तास बसून भरवलं, न रागावता. ती रागावली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं, हे मी अगदी स्वार्थानं लिहितो आहे.

परीक्षेत तिला माझ्या क्लासात आजवर कुणाला पडले नाहीत इतके गुण पडले.

जायच्या आधीचा आठवडा तिनं नव्या बाईला शिकवण्यात घालवला आणि चार पानं सूचना लिहून ठेवल्या. मलाही शिकवलं. खांद्याखाली हात कसा घालायचा, कमरेला आधार कुठे द्यायचा, वळवताना आईला आधी सांगायचं कसं. "जोर लागत नाही, सर. फक्त घाबरायचं नाही," ती म्हणाली. दोन दिवसांत जमलं. जे दोन दिवसांत जमण्यासारखं होतं, त्यासाठी मी कुणाचे आठ महिने घेतले होते, हे त्या दोन दिवसांत कळलं.

शेवटच्या दिवशी ती मुलीला घेऊन आली. मुलगी नवे बूट घालून जिन्यातच उभी राहिली. सिस्टरनं आत जाऊन आईची वेणी घातली. आई तिचा हात सोडत नव्हती. तिनं तो हळूच सोडवला आणि पांघरुणावर ठेवला. मुलगी मला म्हणाली, "माझ्या आईचा अभ्यास तुम्हीच घेतलात?"

"हो," मी म्हटलं.

"फार वेळ लागला ना तिला?"

"तिला नाही लागला," मी म्हटलं. "मला लागला." तिला ते कळलं नाही, आणि तोवर सिस्टर बाहेर आली. तिनं वही माझ्या हातात दिली. "शेल्फवर ठेवायची ना?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "येते, सर," आणि मुलीचा हात धरून जिना उतरली.

मी तिथेच उभ्या उभ्या वही चाळली. साठावं पान 'फर्गिव्ह अँड फर्गेट'चं. माझ्या यादीत तो सख्ख्यांमध्ये आहे: झालं गेलं गंगेला मिळालं. त्या रविवारी मी वही वाचली तेव्हा हे पान नुसतं कोरं होतं, करायचं राहिलेलं. आता त्यावर तारीख होती, ती निघाली त्याच दिवसाची, तिच्या नीटनेटक्या अक्षरात. तारखेखाली काही नव्हतं.

नियमाप्रमाणे वही शेल्फवर ठेवली. लपवावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. पण ठेवली.

गेल्या आठवड्यात नव्या बॅचमधल्या एका मुलीनं ती काढली. दाराजवळच्याच बाकावर बसून वाचत होती. वाचता वाचता शेवटी आली आणि वही माझ्यापुढे धरली. "सर, साठाव्याला नुसतीच तारीख घातलीय. वाक्य लिहायला विसरल्या वाटतं?"

"नाही," मी म्हटलं. "विसरल्या नाहीत."

ती पुढचं विचारणार होती, तेवढ्यात आत चमचा वाजला. दोन तास झाले होते. नवी बाई त्या दिवशी आली नव्हती. मी हात धुतले आणि आईला वळवायला आत गेलो.